छतावर किती किलोवॅट? आधी बारा महिन्यांचे बिल मांडा

आमच्या वस्तीतल्या वाचनालयात दर रविवारी सकाळी आम्ही दोन-तीन कार्यकर्ते टेबल मांडून बसतो. कुणाचा जातीच्या दाखल्याचा अर्ज, कुणाचा शिष्यवृत्तीचा, कुणाचे पेन्शनचे कागद. नोकरी कारकुनाची, त्यामुळे अर्ज भरण्याची सवय हाताला आहेच. अलीकडे दोन वर्षांपासून या टेबलावर एक नवीनच कागद येऊ लागला आहे. तो म्हणजे छतावरच्या सौर यंत्रणेचे अंदाजपत्रक.

मागच्या हिवाळ्यात एक मावशी अशीच प्लॅस्टिकच्या पिशवीतून घडी केलेला कागद घेऊन आल्या. पस्तीस वर्षे सफाई कामगार म्हणून राबल्या, आता निवृत्त. घरात त्या, सून आणि आय.टी.आय.ला जाणारा नातू. कागदावर लाल अक्षरात ‘वीजबिल शून्य’ असे छापलेले. खाली ३ किलोवॅटची यंत्रणा, किंमत १ लाख ८० हजार, अनुदान ७८ हजार, म्हणजे मावशींच्या गाठीचे १ लाख २ हजार. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन मुदत ठेव मोडायची असे ठरले होते. मावशींना फक्त सही कुठे करायची एवढेच विचारायचे होते.

आम्ही म्हणालो, “मावशी, सही नंतर. विजेचे बिल आणले काय?”

“बिल कायले पाह्यजे? आता तं बिलच येनार नाही म्हनते तो पोरगा.”

इथे आम्हाला आमचीच गोष्ट सांगावी लागली. वाचक बंधू-भगिनींनो, ती तुम्हालाही सांगतो. कारण चूक झाकून ठेवली तर ती दुसऱ्याच्या घरी पुन्हा होते.

आम्ही कुठे चुकलो

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना’ जाहीर केली. एक कोटी घरांच्या छतावर सौर पॅनल बसवण्याचे तिचे उद्दिष्ट. त्याच साली मे महिन्यात आमच्याकडे पुतणीचे लग्न होते. नागपूरचा मे महिना, घरात पाहुणे, दोन कूलर रात्रंदिवस सुरू. बिल आले ३१० युनिटचे. ते पाहून आम्ही हादरलो आणि त्याच आठवड्यात दारी आलेल्या विक्रेत्यापुढे तेच बिल ठेवले. त्याने ३ किलोवॅट सांगितले. आम्ही बी.कॉम. झालेले, दिवसभर ऑफिसात जमा-खर्चाच्या नोंदी तपासणारे, पण घरच्या खर्चाची एकही नोंद न तपासता कर्ज काढून मोकळे झालो.

वर्षाअखेरीस हिशेब मांडला तेव्हा कळले की आमचा वर्षाचा एकूण वापर १,८६० युनिट आणि आमचे छत वर्षाला देणार ४ हजारांच्या वर. दीड किलोवॅटमध्ये आमचे भागले असते. दीड किलोवॅटचे त्यावेळी साधारण ९५ हजार पडत होते, अनुदान ४५ हजार मिळाले असते, म्हणजे घरचे ५० हजार लागले असते. आम्ही घातले १ लाख २ हजार. वरचे ५२ हजार रुपये छतावर ऊन खात पडले आहेत. त्याचा हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून जातो, आणि त्याच वर्षी मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी आम्हाला पतसंस्थेपुढे हात पसरावा लागला. विक्रेत्याने खोटे सांगितले असे नाही. त्याने यंत्रणा विकली. किती हवी हे मोजण्याचे काम आमचे होते, ते आम्ही केले नाही.

हे ऐकून मावशी म्हणाल्या, “भाऊ, इतकं शिकूनसन्या तुमीच फसले, तं आमी कोन्या झाडाचा पाला?”

त्या दिवशी टेबलावर बसून मावशींचा जो हिशेब केला, तोच या लेखात मांडत आहोत. कुणालाही कागद-पेन्सिल घेऊन तो करता येईल.

किलोवॅट आणि युनिट

पहिला गोंधळ या दोन शब्दांचा. नळाची तोटी किती मोठी, हे किलोवॅट. त्या नळाने दिवसभरात किती हंडे भरले, हे युनिट. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. बिल युनिटचे येते, पण यंत्रणा किलोवॅटवर विकली जाते. म्हणून एकातून दुसरे काढता आले पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रात सावली नसलेल्या छतावर १ किलोवॅटची यंत्रणा वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला ४ युनिटच्या आसपास वीज देते. धूळ, ढग, उष्णता यांची वजावट करून आम्ही वर्षाला १,३५० ते १,४०० युनिट धरतो. विक्रेते १,५०० च्या वर सांगतात. आपण हात राखून धरावे.

उष्णतेची वजावट कशाला, असे पुष्कळ लोक विचारतात. नागपूरचे ऊन म्हणजे सर्वात जास्त वीज, असा समज आहे. पॅनलला उजेड हवा असतो, ताप नको असतो. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते. मे महिन्याच्या दुपारी छतावरचे पॅनल ६५ अंशांपर्यंत तापते. त्यापुढे दर अंशाला साधारण एक तृतीयांश टक्का वीज घटते. म्हणजे भर दुपारी सुमारे १४ टक्के तिथेच गेले. म्हणून ऊन फार म्हणून वीज फार, हा हिशेब खरा नाही.

बिल बारा महिन्यांचे हवे

एका महिन्याच्या बिलावरून यंत्रणा ठरवू नये. आमची चूक हीच. विदर्भात कूलरचे चार महिने वेगळे आणि थंडीचे चार महिने वेगळे. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर दिलेला असतो. त्यावरून बारा महिन्यांचे आकडे एकाखाली एक लिहावेत. मावशींचे आकडे असे निघाले:

एप्रिल १७६, मे २१४, जून १६८, जुलै ११२, ऑगस्ट १०४, सप्टेंबर १०६, ऑक्टोबर ९८, नोव्हेंबर ७६, डिसेंबर ७०, जानेवारी ७२, फेब्रुवारी ७६, मार्च १०८. एकूण १,३८० युनिट. महिन्याची सरासरी ११५.

एका किलोवॅटची वर्षाची वीज १,३५० ते १,४००. मावशींचा वर्षाचा वापर १,३८०. म्हणजे १ किलोवॅट पुरेसे. विक्रेता देत होता त्याच्या तिप्पट.

केंद्राच्या योजनेतच ढोबळ मोजमाप दिलेले आहे. महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असेल तर १ ते २ किलोवॅट, १५० ते ३०० युनिट असेल तर २ ते ३ किलोवॅट, आणि ३०० च्या वर असेल तर ३ किलोवॅटहून जास्त. हे मोजमाप चांगले आहे, पण ‘१ ते २’ मधले एक की दोन, यातच गरीब माणसाचे तीस-पस्तीस हजार अडकतात. म्हणून पुढची पायरी चढावी लागते.

३१ मार्चचा ताळेबंद

छतावर दिवसा तयार झालेली जास्तीची वीज महावितरणच्या तारेत जाते आणि रात्री आपण तारेतून वीज घेतो. नेट मीटर या दोन्हींची नोंद ठेवतो. घेतलेल्यातून दिलेली वजा करून उरलेल्याचे बिल येते. दिलेली जास्त असेल तर ते युनिट पुढच्या महिन्यात जमा धरले जातात. हे सर्वांना माहीत असते. पण ही जमा आर्थिक वर्षाच्या शेवटी, म्हणजे ३१ मार्चला बंद होते, हे फार थोड्यांना माहीत असते. उरलेल्या युनिटचे पैसे मिळतात, पण ते आपण वीज घेतो त्या दराने नव्हे, बऱ्याच कमी दराने. १ एप्रिलला खाते शून्यावर येते.

आता विदर्भातल्या घराचा विचार करा. आपली शिल्लक साठते ती नोव्हेंबर ते मार्च, जेव्हा पंखे-कूलर बंद असतात आणि आभाळ स्वच्छ असते. आणि ती शिल्लक पुसली जाते ती नेमकी एप्रिलच्या तोंडावर, कूलर सुरू होण्याच्या वेळी. हिवाळ्याची साठवण उन्हाळ्यात वापरू, असे म्हणता येत नाही. जास्त क्षमता घेणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

मावशींच्या घरासाठी १ किलोवॅट धरून आम्ही महिन्यांचा अंदाज मांडला. एप्रिल आणि मेमध्ये वीज तयार होईल प्रत्येकी १३० युनिट, जूनमध्ये ११०, जुलैत ९०, ऑगस्टमध्ये ८५, सप्टेंबरमध्ये १०५, ऑक्टोबरमध्ये १२०, नोव्हेंबरमध्ये ११५, डिसेंबरमध्ये ११२, जानेवारीत ११५, फेब्रुवारीत १२०, मार्चमध्ये १३५. एकूण १,३६७.

वापराशी मेळ घातला तर एप्रिलमध्ये ४६ युनिट कमी पडतात, मेमध्ये ८४, जूनमध्ये ५८, जुलैत २२, ऑगस्टमध्ये १९ आणि सप्टेंबरमध्ये १. मिळून वर्षाला २३० युनिट विकत घ्यावे लागतील. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांत २१७ युनिट शिल्लक राहतील आणि ते वर्षाअखेर कमी दराने जातील.

मावशी लगेच म्हणाल्या, “म्हनजे कमीच पडते ना भाऊ? मंग दोन किलोवाट घेऊ काय?”

प्रश्न बरोबर होता. त्याचे उत्तर बिलाच्या टप्प्यांत आहे.

पहिला किलोवॅट आणि दुसरा किलोवॅट

घरगुती वीज महावितरण टप्प्याटप्प्याने महाग करत जाते. शून्य ते १०० युनिटचा दर सर्वात कमी. १०१ ते ३०० चा त्याहून बराच जास्त. ३०१ ते ५०० चा आणखी जास्त, आणि ५०० च्या वर सर्वाधिक. सौर यंत्रणा बसली की वजाबाकी वरून होते. म्हणजे आधी महागडे युनिट वाचतात, मग स्वस्त.

मावशींचा मे महिना घ्या. २१४ युनिटचे बिल येत होते, त्यातले ११४ महागड्या टप्प्यातले. एका किलोवॅटनंतर उरतात ८४ युनिट, सगळे पहिल्या स्वस्त टप्प्यात. वर्षभरात एकही महिना १०० च्या वर जात नाही. पहिल्या किलोवॅटने महागडी वीज पुसून टाकली.

दुसरा किलोवॅट काय करील? तो आणखी १,३६७ युनिट तयार करील. त्यातले २३० युनिट स्वस्त टप्प्यातली खरेदी वाचवतील. उरलेले १,१३७ युनिट वर्षाअखेर कमी दराने जातील. तिसऱ्या किलोवॅटचे तर सगळेच तसे जातील. खर्च मात्र प्रत्येक किलोवॅटला जवळपास सारखाच. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले होते की शेवटच्या रुपयाने किती कमावले ते पाहावे. ते पुस्तकात सोडून आम्ही घरी आलो होतो.

आणि ‘बिल शून्य’ हे शब्द तर आकडेमोडीत बसतच नाहीत. कितीही किलोवॅट बसवा, स्थिर आकार येतोच. म्हणून बिल शून्य करण्याच्या मागे न लागता महागड्या टप्प्यातून बाहेर पडणे हे आपले ध्येय असावे. ज्यांचा वापर दरमहा ३००-४०० युनिट आहे, घरात दोन एसी आहेत, त्यांना ३ किलोवॅट किंवा जास्त लागेल आणि ते फायद्याचेही ठरेल.

अनुदानाचा मोह

केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार रुपये, तिसऱ्याला १८ हजार. ३ किलोवॅटला ७८ हजार झाले की तिथे थांबते. पुढे ५ घ्या की १० घ्या, ७८ हजारच. विक्रेता ३ किलोवॅटचा आग्रह धरतो तो यामुळे. ‘७८ हजार सोडता कशाला?’ हा त्याचा प्रश्न. पण ७८ हजार मिळवण्यासाठी आपल्या खिशातून किती जातात, हा आपला प्रश्न असला पाहिजे. मावशींना १ किलोवॅटला ६५ हजार सांगितले गेले. अनुदान वजा जाता ३५ हजार. म्हणजे ३ किलोवॅटच्या मानाने ६७ हजार रुपये मुदत ठेवीतच राहतात.

ज्यांचा वापर दरमहा १०० युनिटच्या आत आहे आणि जे दारिद्र्यरेषेखाली किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल आहेत, त्यांच्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ नावाची वेगळी योजना जाहीर केली. ती १ किलोवॅटसाठी आणि पाच लाख घरांपुरती. केंद्राच्या ३० हजारांवर राज्याचे अनुदान असे: दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला १७ हजार ५००, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला १५ हजार, इतरांना १० हजार. आपल्या वस्त्यांमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत. मावशी यात बसल्या नाहीत, कारण उन्हाळ्यात त्यांचा वापर १०० च्या वर जातो. ज्यांचा जात नाही त्यांनी आपल्या वीज कार्यालयात चौकशी जरूर करावी आणि जातीचा दाखला तयार ठेवावा.

अनुदान आधी हातात येत नाही. यंत्रणा बसून, तपासणी होऊन, नेट मीटर लागला की ते खात्यात जमा होते. म्हणून तोपर्यंतची रक्कम आपल्याला उभी करावी लागते. राष्ट्रीय पोर्टलवर नोंद असलेल्या विक्रेत्याकडूनच काम करावे आणि पॅनल भारतीय बनावटीचे असावेत, या अटी आहेत. त्या मोडल्या तर अनुदान गेले.

आधी वापर कमी करा

यंत्रणेचा आकार ठरवण्याआधी घरात एक फेरी मारावी. जुना पंखा ७५ वॅट घेतो. नवीन बी.एल.डी.सी. पंखा ३० वॅटच्या आसपास. तीन पंखे दिवसाला बारा तास चालले तर रोज दीड युनिटच्या वर वाचते, महिन्याला ४८ युनिटच्या घरात. एवढी वीज छतावर तयार करायला जवळपास अर्धा किलोवॅट लागतो. पंख्यांचा खर्च त्याहून बराच कमी. पाणी तापवायचा गिझर २ हजार वॅटचा असतो. त्याला दहा मिनिटे आधी बंद करण्याची सवय लावली तरी फरक पडतो. जुन्या फ्रीजच्या दाराचे रबर ढिले असेल तर ते बदलावे.

जशी वजाबाकी तशी बेरीजही पाहावी. येत्या दोन-तीन वर्षांत घरात काय वाढणार? विजेवरची स्कूटर घेणार असाल तर शंभरेक किलोमीटरला साधारण ३ युनिट धरा. रोज तीस किलोमीटर फिरणाऱ्याला महिन्याला साधारण २७ युनिट झाले. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत एसी येणार असेल तर दीड टनाचा एसी तासाला एक ते दीड युनिट घेतो. आणि मुलगी नोकरीसाठी पुण्याला जाणार असेल तर तेवढा वापर कमीही होईल. जे नक्की होणार तेच धरावे. ‘कधीतरी घेऊ’ असे म्हणून आज कर्ज काढू नये. पुढे पॅनल वाढवता येतात. फक्त छतावर जागा राखून ठेवावी आणि इन्व्हर्टर बदलावा लागेल काय हे आधी विचारून घ्यावे.

छत काय म्हणते

बिल १ किलोवॅट म्हणाले तरी छताने होकार द्यायला हवा. १ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा धरतात. आजकाल साडेपाचशे वॅटच्या आसपासचे पॅनल येतात. असे दोन पॅनल लागतात. ते प्रत्यक्षात पंचावन्न-साठ चौरस फूट व्यापतात. बाकीची जागा चालायला, धुवायला आणि सावली टाळायला.

सावली उन्हाळ्यात पाहू नये, डिसेंबरमध्ये पाहावी. मे महिन्याच्या दुपारी नागपुरात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. टाकीची सावली टाकीच्या पायाशीच पडते आणि सगळे छत मोकळे दिसते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेकडे निम्म्यावरच असतो. पाच फूट उंच टाकीची सावली जवळपास पाच फूट लांब जाते. सकाळी आणि संध्याकाळी त्याहून कितीतरी लांब. साध्या जोडणीत पॅनल एका माळेत असतात. एकावर सावली पडली की पूर्ण माळेची वीज घटते. म्हणून पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, वीस अंशांच्या आसपास कललेले आणि टाकी, जिना, कडुनिंब यांच्यापासून दूर असावेत. शेजारी मजला चढवणार असेल तर तेही विचारून घ्यावे. शेजारधर्माला धरून आहे.

टिनाच्या छतावरही पॅनल बसतात, पण खालचे लोखंड वाऱ्याला टिकेल काय हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी राखेचा विचार करावा. पंधरवड्यातून एकदा पहाटे, पॅनल थंड असताना साध्या पाण्याने धुवावे. ज्या घरात छतावर चढणारे माणूसच नाही, त्या घराने हे काम कोण करील ते आधी ठरवावे.

वीज गेली की काय

आमच्या फसगतीचा दुसरा भाग इथे आहे. यंत्रणा बसून महिना झाला आणि एके दिवशी दुपारी बारा वाजता वीज गेली. बाहेर लख्ख ऊन. आम्ही मोठ्या ऐटीत पाहुण्यांना म्हणालो, आमचे सोलर आहे. पण पंखा काही हलला नाही. आमच्या सहचारिणी आतून म्हणाल्या, “तुमचा सूर्य पण महावितरणात नोकरीला लागला वाटते.”

तारेला जोडलेली साधी यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद पडते. ही खोट नाही. खांबावर दुरुस्तीला चढलेल्या वायरमनला आपल्या छताच्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती तशी बनवलेली असते. त्याच्या जिवासाठी ती बंद पडलीच पाहिजे. वीज गेल्यावरही दिवे हवे असतील तर बॅटरी लागते आणि तसा इन्व्हर्टर लागतो. सूर्यघर योजनेचे अनुदान पॅनलच्या क्षमतेवर मिळते, बॅटरीवर नाही.

बॅटरीचे मापही पूर्ण घराचे धरू नये. वीज गेल्यावर काय चाललेच पाहिजे तेवढेच लिहावे. तीन बल्ब आणि दोन जुने पंखे म्हणजे १८० वॅटच्या आत. चार तास चालवायचे तर पाऊण युनिटच्या आत. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १.८ युनिट साठवते. साध्या बॅटरीतले निम्मेच वापरावे, म्हणजे ०.९ युनिट. एवढ्यात काम होते. कूलरही चालवायचा म्हटला की दोन बॅटऱ्या लागतील. ज्यांच्या घरी आधीपासून साधा इन्व्हर्टर-बॅटरी आहे आणि वीज क्वचित जाते, त्यांनी तोच ठेवावा.

सही करण्याआधी

अंदाजपत्रकावर सही करण्याआधी विक्रेत्याला चार गोष्टी लेखी मागाव्यात. ही यंत्रणा आमच्या छतावर वर्षाला किती युनिट देईल. सावलीची वजावट धरली काय. पॅनल आणि इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची. नेट मीटर बसेपर्यंतची जबाबदारी कोणाची. पॅनलची हमी बहुधा पंचवीस वर्षांची असते आणि दरवर्षी वीज थोडी घटते. इन्व्हर्टर मात्र दहा-बारा वर्षांत बदलावा लागू शकतो, तो खर्च आजच मनात धरावा. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. आणि ‘आजच सही करा, उद्या योजना बंद होईल’ असे कोणी म्हणाले तर त्याला पुढच्या रविवारी यायला सांगावे. नियम आणि दर बदलत असतात, म्हणून अर्ज करण्याच्या दिवशीचा नियम आपल्या वीज कार्यालयात विचारून घ्यावा.

मावशींनी त्या दिवशी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या, पण ठेव पूर्ण न मोडता ६५ हजार निघतील अशी व्यवस्था करून आल्या. दीड महिन्याने त्यांच्या छतावर दोन पॅनल लागले. अनुदानाचे ३० हजार खात्यात आले ते त्यांनी परत ठेवीत घातले. नातवाची दुसऱ्या वर्षाची फी त्यातूनच भरली जाणार आहे. उन्हाळ्यातले पहिले बिल आले तेव्हा त्या ते घेऊन वाचनालयात आल्या आणि टेबलावर पसरून म्हणाल्या, “पाहा बरं भाऊ, तुमच्या कागदासंग जुळते काय?” मे महिन्याचे ८४ युनिट आम्ही धरले होते. बिल ९१ चे होते. मावशींनी नातवाला हाक मारून पॅनल धुवायला पाठवले.

आमच्या घरचे ३ किलोवॅट तसेच आहेत. हप्ते अजून सुरू आहेत. रविवारी कोणी अंदाजपत्रक घेऊन आले की आम्ही आधी आपलेच बिल काढून त्यांच्यापुढे ठेवतो. तेव्हा येताना नुसते विक्रेत्याचे कागद आणू नका, सोबत बारा महिन्यांचे बिल आणा. बिल हरवले असेल तर ग्राहक क्रमांक आणा, बाकीचे आपण बसून काढू.